दुसरा वाफा

शाळेची परसबाग लांबूनही ओळखू येते. गेरू-चुन्याने रंगवलेल्या तिरक्या विटांची किनार, मधोमध 'आमची परसबाग' अशी पाटी, मेथी-पालकाचे चार वाफे, कुंपणावर दुधीचा वेल, कोपऱ्यात कढीपत्ता. तपासणी आहे म्हटले की आदल्या दिवशी खुरपणी होते आणि फोटो निघतात. भाजी खिचडीत पडते, हेही काही कमी नाही. पण शेणखत घातल्याने मेथीत काय फरक पडला असे विचारले, तर मुले म्हणतात, "चांगली आली." कशापेक्षा चांगली? याचे उत्तर त्या बागेत मिळत नाही, कारण शेणखत न घातलेला वाफा कुणी ठेवलेलाच नसतो.

हे प्रकरण त्या न ठेवलेल्या वाफ्याविषयी आहे.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जागा नसेल तर कुंड्या, डबे, गच्चीही चालेल अशी सवलत आहे. म्हणजे जमीन नाही ही सबब आता फारशी उरलेली नाही. पण बाग असणे आणि बागेतून शिकणे यांत अंतर आहे, आणि ते दोन मीटर लांब, एक मीटर रुंद अशा एका जादा वाफ्याने बरेच कमी होते. सगळे सारखे ठेवायचे: बियाणे, तारीख, ऊन, पाणी. बदलायची फक्त एक गोष्ट. पहिल्या वाफ्याला शेणखत, दुसऱ्याला नाही. किंवा पहिल्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन, दुसरा उघडा. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की प्रयोग फसला. नळाजवळच्या वाफ्याला खत घातले आणि कडुनिंबाच्या सावलीतला वाफा तसाच ठेवला, तर तुलना खताची झाली की उन्हाची, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाचवीतली मुले ही चूक शिक्षकांपेक्षा लवकर पकडतात.

तुलनेसाठी काही राखून ठेवायचे शहाणपण विज्ञानालाही सहज आलेले नाही. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हॅन हेलमाँट या बेल्जियममधल्या वैद्याने एका मोठ्या कुंडीत दोनशे पौंड कोरडी माती तोलून घातली, तिच्यात पाच पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी दिले. झाड १६९ पौंडांवर गेले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती दोनशेला दोनच औंस कमी भरली. झाड मातीतून वाढत नाही हे त्याने पुराव्यानिशी दाखवले, पण निष्कर्ष काढला की झाड सगळे पाण्यातून आले. हवेचा हिशेब त्याच्या डोक्यात नव्हता, आणि ताडून पाहायला दुसरी कुंडीही नव्हती. कार्बन डायऑक्साइड आणि सूर्यप्रकाश यांची गोष्ट उलगडायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली.

हा प्रश्न आजच्या वर्गात विचारून पाहावा. दोन किलोचा दुधी कापायला घेतलाय, हे दोन किलो कुठून आले? बहुतेक हात वर होतात ते 'मातीतून' म्हणायला. पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाची आकृती पाठ केलेली मुलेही तेच म्हणतात, आणि मोठी माणसेही. मग एका कुंडीतली माती वाळवून, तोलून ठेवावी आणि हंगामाच्या शेवटी पुन्हा तोलावी. रोप लावलेली एक कुंडी आणि तितकेच पाणी घालून नुसती ठेवलेली दुसरी. दुसरी नसेल तर वाऱ्याने उडालेली, पाण्याबरोबर वाहून गेलेली माती झाडाच्या नावावर पडते. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते हा त्याच धड्याचा पुढचा भाग. आणि उरलेल्या कोरड्या भागातला कार्बन जवळजवळ सगळा हवेतून आलेला आहे, हे कळल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

महाराष्ट्रातल्या शाळांना एक गोष्ट आयती मिळाली आहे. युरोप-अमेरिकेत उन्हाळा हाच बागेचा मुख्य हंगाम आणि त्याच काळात शाळांना लांब सुट्टी. तिथल्या बागकाम शिकवणाऱ्यांचे निम्मे आयुष्य सुट्टीत पाणी कोण घालणार या चिंतेत जाते. आपल्याकडे शाळा उघडते ती जूनच्या मध्यावर, विदर्भात थोडी उशिरा, म्हणजे पावसाच्या तोंडावर. शाळेचे वर्ष आणि खरीप हंगाम एकाच वेळी सुरू होतात. मेथी महिन्याभरात काढता येते, मुळा दीड महिन्यात, चवळीच्या शेंगा दोन महिन्यांत. दिवाळीच्या सुट्टीआधी एक पूर्ण चक्र हाती लागते आणि सुट्टीनंतर रब्बीचे दुसरे.

पहिला आठवडा बियाण्याच्या उगवणीला द्यावा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि पाच-सहा दिवसांनी उघडून मोड मोजायचे. शंभरच का? टक्केवारी आपोआप निघते म्हणून. ही चाचणी मुलांसाठी शोधलेली नाही. कृषी विभाग शेतकऱ्यांना दरवर्षी पेरणीआधी हेच करायला सांगतो. सोयाबीनचे शंभरातले सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य मानतात. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी घरच्या पोत्यातले शंभर दाणे शाळेत आणते आणि 'आपले अठ्ठावन्नच उगवले' असे घरी सांगते, तेव्हा ते गंमत म्हणून कुणी ऐकत नाही. इथेही दुसरी गुंडाळी हवी: शेजारच्या घरच्या बियाण्याची, किंवा गेल्या वर्षीच्या जुन्या दाण्यांची.

चवळी आणि वाटाणा शेजारी-शेजारी लावले तर आणखी एक गोष्ट दिसते. चवळीची जाड दले मान वर काढत मातीबाहेर येतात. वाटाण्याची खालीच राहतात, वर येतो तो फक्त कोंब. कोणते बी जास्त खोल पेरता येईल, हे मुलांनी इथूनच ठरवावे.

पेरण्याआधी वाफसा पाहायला शिकवावा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. चिखलासारखा थापला गेला तर माती फार ओली, गोळाच झाला नाही तर फार कोरडी, पडून सुटा झाला तर वाफसा आला. आजोबांना हे विचारले तर ते हात लावूनच सांगतील, आणि आजोबांना शाळेत बोलवायला याहून चांगले निमित्त नाही.

पाण्याचा धडा मात्र भाषणाने होत नाही, बादलीने होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एकच समीकरण सहावीच्या वर्गाला पुरते. सहा बाय आठ मीटरच्या एका वर्गाचे छप्पर ४८ चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या माण-खटावसारख्या भागातही त्या छपरावर २४ हजार लिटर पाणी पडते. गळती आणि उडून जाणारे पाणी वजा करून त्यातले ऐंशी टक्के हाती लागले तरी १९ हजार लिटर होतात. हे गणित फळ्यावर मांडले की मुले खिडकीतून पन्हाळीकडे बघू लागतात. पन्हाळ नसेल तर का नाही, असेही विचारतात, आणि या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांकडे असावे.

दोन चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्याला कडक उन्हाच्या दिवसात रोज सुमारे दहा लिटर पाणी लागते. साठ मुले जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतात. प्रत्येकाने मिळून एक लिटर वापरले तर साठ लिटर, म्हणजे सहा वाफ्यांचे पाणी. ते गटारात जाते की सरीत, हे फक्त पाइपची दिशा ठरवते. साबणाचे पाणी पालेभाजीऐवजी केळी-अळूकडे वळवावे हे बरे. इथे दुसऱ्या वाफ्याचा सर्वांत चोख उपयोग होतो. एक वाफा वाळलेल्या पाल्याने चार बोटे जाड झाकायचा, दुसरा उघडा ठेवायचा, आणि दोन्हींना पाणी घड्याळाप्रमाणे न घालता बोट खुपसून माती कोरडी लागली तरच घालायचे. प्रत्येक झारीची वहीत एक रेघ. महिन्याने रेघा मोजायच्या. शाश्वत विकास हा शब्द त्या वहीत एकदाही आला नाही तरी चालेल.

कंपोस्टाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते सगळीकडे लिहिलेले असते. एवढे सांगतो, की जगभर गाजलेली इंदूर पद्धत अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संस्थेत बसवली ती शेतकऱ्यांकडून शिकत शिकत, आणि भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यातले नाडेप खत पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांचे. नावातली अक्षरे त्यांचीच आहेत. शाळेत दोन ढीग लावावेत, एक फक्त वाळल्या पाल्याचा आणि दुसरा पाल्यात स्वयंपाकघरातली साले, देठे आणि थोडे शेण मिसळून. दोन्ही पुरेसे मोठे असावेत, निदान कमरेइतके. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्हींत लोखंडी सळई खुपसून बाहेर काढली की एक थंड लागते आणि दुसरी हातात धरवत नाही. ही उष्णता न दिसणाऱ्या जिवांची आहे यावर मुलांचा तिथल्या तिथे विश्वास बसतो.

मुळे पाहण्यासाठी रोप उपटू नये, खणून काढावे. साधारण पाच आठवड्यांची चवळी, फुलावर येण्याआधीची, मातीच्या गड्ड्यासकट काढून बादलीत बुडवली की मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग निघाला, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधण्याचे काम करत आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे. ती गुलाबी छटा आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याची असते. शेजारून एक भेंडीही काढावी. कधीकधी भेंडीच्या मुळांवरही गाठी निघतात आणि वर्ग गोंधळतो. त्या सूत्रकृमींच्या. फरक असा, की चवळीची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि चोळली की सुटते. भेंडीत मूळच सुजलेले असते. पुस्तकात एक गाठ उपकारक आणि दुसरी रोग म्हणून वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. बादलीत त्या शेजारी येतात.

पण बागेतला सर्वांत श्रीमंत धडा फुलांचा, आणि त्यासाठी वेलभाज्यांसारखे शिक्षक नाहीत. लाल भोपळा, दुधी, दोडका, काकडी, कारले यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलेसे फळ आधीच असते; नर फूल नुसत्या देठावर. सुरुवातीला बरेच दिवस नर फुलेच येतात आणि 'आमच्या वेलाला फळ धरत नाही' अशी तक्रार सुरू होते. थांबायचे, एवढाच त्यावर उपाय.

आता वेळापत्रकाची अडचण येते. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. साडेदहाला भरणाऱ्या शाळेला ते मावळतानाच दिसते. पण शनिवारी सकाळची शाळा असते, आणि तो दिवस भोपळ्यासाठी राखून ठेवावा. फुलात मधमाश्या पराग अंगाला फासून अक्षरशः लोळत असतात. दुधीचे पांढरे फूल उलट संध्याकाळी उमलते, रात्रभर उघडे राहते, आणि त्याच्याकडे पतंग येतात. दोडकाही दिवस कलल्यावरच उमलतो. पांढरा रंग आणि रात्र यांचा संबंध काय असेल, हा प्रश्न फळ्यावर लिहून सोडून द्यावा आणि दुधीचा वेल घरी असलेल्या मुलांना टॉर्च घेऊन बघायला सांगावे.

शुक्रवारी संध्याकाळी, उद्या उमलणार अशा भोपळ्याच्या तीन मादी कळ्या हेरायच्या. दोन कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, तिसरी मोकळी. शनिवारी सकाळी एका पिशवीतल्या फुलावर ताज्या नर फुलातला पराग हाताने लावायचा आणि पिशवी परत बांधायची. दुसरी उघडायचीच नाही. आठवड्याभरात न शिवलेले फूल बुडाच्या फळासकट पिवळे पडून गळते. पराग लावलेले फळ फुगू लागते. मोकळ्या फुलाचे काय झाले, हे त्या दिवशी मधमाश्या आल्या की नाही यावर अवलंबून. शेजारच्या शेतात सकाळी फवारणी झाली असेल तर तेही गळालेले सापडेल. मधमाशी वाचवा ही घोषणा भिंतीवर रंगवण्यापेक्षा हे तिसरे फूल मला जास्त पटते.

किडींच्या बाबतीत शिक्षकांना घाई होते. चवळीच्या शेंड्यावर मावा दिसला की फवारणी. त्याआधी चार-पाच दिवस नुसते बघावे. माव्याच्या अंगातून गळणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या येतात आणि त्याची राखण करतात. मग ढालकिडे आणि त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या येतात आणि मावा खाऊ लागतात. त्या अळ्या किडीच समजून चिरडल्या जातात, त्यामुळे त्यांची ओळख आधी करून द्यावी. फवारायचेच असेल तर निंबोळी अर्क. पाच टक्क्यांच्या अर्काला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळायची. निंबोळ्या जूनमध्ये, शाळा उघडताना झाडाखाली पडलेल्याच असतात. वाळवून ठेवल्या की वर्षभर कामी येतात. फवारणी निम्म्या ओळींवर करावी. उरलेल्या निम्म्या ओळींत काय होते हे बघायचे आहे.

एका तणाला मात्र मुलांनी हात लावू नये. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यावर नोंदले गेले आणि देशभर पसरले. त्याने त्वचा सोलवटते, दमा बळावतो. ते मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलण्याआधी उपटावे. बाकी तण म्हणून उपटले जाणारे घोळ, कुर्डू, केना, टाकळा ही बऱ्याच घरांत भाजी आहे. कोणते तण आणि कोणती भाजी, यावर आदिवासी पाड्यावरची मुले शिक्षकांना शिकवू शकतात, फक्त विचारले पाहिजे.

आता आक्षेप. "पोरगं शिकायला पाठवलंय, खुरपायला आम्ही आहोतच की," असे पालक म्हणतात आणि ते चुकीचे म्हणत नाहीत. ज्या घरात तीन पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या, त्या घरासाठी शाळा म्हणजे खुरप्यातून सुटका. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, त्यातून झाकिर हुसेन समितीचा आराखडा आला, तेव्हाही हाच वाद झाला होता: मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची म्हणजे शाळेचा कारखाना करायचा का? सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती पद्धत प्रत्यक्ष चालवली आणि तिथल्या आनंद निकेतन शाळेत आजही बाग आणि स्वयंपाकघर अभ्यासाचा भाग आहेत. पण कोठारी आयोगानंतर कार्यानुभव म्हणून जे सर्वत्र आले, ते बहुतेक ठिकाणी राख्या, मेणबत्त्या आणि मैदानातले गवत काढणे एवढ्यावर उरले.

माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर दुसऱ्या वाफ्यात आहे. एकच वाफा खुरपणे ही मजुरी होऊ शकते. दोन वाफ्यांतला फरक मोजायला खुरपणे हा अभ्यास आहे, आणि तो फरक मुलाच्या वहीत दिसतो, पालकाला दाखवता येतो. त्याचबरोबर कामाची पाळी फलकावर लिहिलेली असावी. मुली झाडतात, निवडतात, मुले खणतात. ठराविक वस्तीतल्या मुलांकडे शेण येते. शिक्षा म्हणून पाणी घालायला पाठवले जाते. हे सारे सहज घडते आणि मग बाग जे शिकवते ते भयंकर असते. जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेलने प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा दिला होता आणि त्यांच्याभोवती सगळ्यांचे सामाईक वाफे ठेवले होते. ती मांडणी अजूनही चांगली आहे: स्वतःच्या वाफ्यात चुका करायची मोकळीक, सामाईक वाफ्यात जबाबदारी.

वर्षाच्या शेवटी बियाण्याचे काम येते. सुरुवात वाल, चवळी, देशी टोमॅटो यांनी करावी. या पिकांत परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे बी आईवर जाते. भोपळा-काकडीचे बी ठेवले आणि शेजारी दुसरा वाण असेल, तर पुढच्या वर्षी काय निघेल याचा भरवसा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बीज बँकेत वालाचेच कितीतरी वाण आहेत. शाळेने आसपासच्या चार घरांतून चार प्रकारचे वाल मागून आणले तरी तिची स्वतःची पेटी सुरू होते. पाकिटावर तीन गोष्टी हव्यात: वाणाचे घरगुती नाव, ज्यांच्याकडून आणले त्यांचे गाव आणि बी काढल्याची तारीख. बी कडक वाळवून, राख मिसळून, बंद डब्यात, उन्हापासून लांब. मे महिना ते तिथेच काढते.

अनुवंशशास्त्राचा पाया घालणारा ग्रेगोर मेंडेल हा बदली शिक्षक होता आणि शिक्षकाची परीक्षा दोनदा देऊनही त्याला ती काढता आली नाही. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत, सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशा पट्ट्यात, १८५६ पासून तो वाटाण्यांचे संकर करत होता. कीटकांनी आपल्या नकळत पराग मिसळला तर? या शंकेसाठी त्याने काही झाडे फुलण्याच्या काळात काचघरात ठेवली आणि बाहेरच्या झाडांशी ताडून पाहिली. दुसरा वाफा त्यानेही ठेवला होता.

त्याचा प्रयोग शाळेत साध्या रीतीने करता येतो. बाजारातल्या संकरित टोमॅटोच्या पाकिटावर 'एफ १' असे लिहिलेले असते. ती रोपे एकसारखी येतात. त्यांच्या पिकलेल्या फळांतले बी धुऊन, वाळवून ठेवायचे आणि पुढच्या जूनमध्ये एका वाफ्यात पेरायचे. शेजारच्या वाफ्यात घरच्या देशी टोमॅटोचे बी. देशी वाफ्यातली रोपे बऱ्यापैकी एकमेकांसारखी निघतात. संकरिताच्या पोटची मात्र एक उंच, एक ठेंगणे, एकाची फळे गोल, दुसऱ्याची लांबट अशी फुटतात. दरवर्षी नवे पाकीट का विकत घ्यावे लागते, हे तिथेच समजते. पाचवीने बी काढायचे आणि सहावीत जाऊन पेरायचे असा हा दोन वर्षांचा कार्यक्रम आहे, म्हणून नोंदवही वर्गाबरोबर पुढच्या इयत्तेत गेली पाहिजे. रोपे प्रत्येक वाफ्यात पंचवीसपेक्षा कमी लावू नयेत. सात-आठ रोपांत फरक आपोआप आला की संकरामुळे, ते सांगता येत नाही. जागा कमी पडली तर दोन्ही वाफ्यांत रोपांमधले अंतर सारखेच कमी करावे.